खटला सापडत नाही

१

मास्तर गेल्याचं सकाळच्या हजेरीला कळलं. तिसऱ्या बराकीत नावं पुकारली, सगळ्यांनी "हजर" म्हटलं, मास्तर मात्र गप्प. शिपायाने काठीच्या टोकाने पांघरूण हलवलं आणि काठी मागे घेतली.

तुरुंगात माणसं मरतात. त्यात छातीचं जुनं दुखणं, ओल धरलेली भिंत, आणि दवाखान्यात हलवायचं तर तीन साहेबांच्या सह्या. अधीक्षकांनी ठरलेल्या पद्धतीने सगळं उरकायला घेतलं. प्रेत ताब्यात घ्यायला नात्याचं कुणी आलं नाही. आला तो मास्तरांना सरकारने दिलेला वकील. लहानपणी तो त्यांच्याच वर्गात बसलेला होता, म्हणून आला. नाहीतर असले वकील अशील जिवंत असतानाही येत नाहीत.

कागदावर सही करता करता त्याचा हात थांबला.

"इथे 'कच्चा कैदी' असं काय लिहिलंय? मास्तर गेल्या हिवाळ्यातच निर्दोष सुटलेत. निकाल माझ्यासमोर झालाय."

अधीक्षक हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की वकील हसत नाहीये.

२

चौकशीला तुरुंग खात्याने ज्यांना पाठवलं, त्यांना सगळे पाठीमागे चिमटाबाई म्हणायचे. काटा कितीही खोल गेलेला असो, ही बाई तो काढणार, अशी ख्याती होती; काढताना जीव नकोसा होतो, अशीही होती. निवृत्तीला टेकलेल्या, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही त्याच्याकडे बघत बसायची वाईट खोड.

"माझ्या हातात काही नाही, बाई," अधीक्षकांनी पहिल्याच वाक्याला हात वर केले. "पूर्वी कोर्टाचा कागद यायचा. आता कागद बंद. रोज सकाळी आमचा कॉम्प्युटर कोर्टाच्या कॉम्प्युटरला एकेका कैद्याबद्दल विचारतो, ठेवू की सोडू? सोड म्हटलं तर दरवाजावर हुकूम येतो. त्यात मला बोट घालता येत नाही."

"येत नाही, की घालायचं नाही?"

"दोन्ही."

चिमटाबाई त्यांच्याकडे बघत बसल्या. अधीक्षकांनी उगाच टेबलावरची काच पुसली.

कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की. मास्तरांवर शाळेच्या प्रयोगशाळेतली यंत्रं विकल्याचा आळ होता, आणि आळ घेणारा संस्थाचालक बडी आसामी होता. खटला हरल्यावर त्याने कुणाचे हात ओले करून सुटकेचा हुकूम मधल्यामधे गिळायला लावला असेल? बाईंना ते सहज पटण्यासारखं होतं. माणसांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतंच.

तिसऱ्या बराकीत मास्तरांच्या शेजारच्या पथारीवर एक पेंटर होता, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. सराफाच्या दुकानाची पाटी रंगवायला शिडीवर चढला, दोन दिवसांनी दुकान फुटलं, आणि पोलिसांना दुसरं कुणी आठवलं नाही.

"मास्तरांशी कुणाचं वैर होतं का?" बाईंनी विचारलं.

"मास्तरांशी? ते डासालासुद्धा अहो-जाहो करायचे." पेंटर हसला आणि हसता हसता खोकल्याने वाकला. तोच खोकला, तीच भिंत. "मी सांगू का बाई, इथून फक्त चोर सुटतात. माझ्याबरोबर पकडलेल्या पोराला म्हणाले, कबूल हो, लवकर घरी जाशील. तो कबूल झाला, शिक्षा भोगून कधीच घरी गेला. मी म्हटलं, न केलेलं कसं कबूल करू? बसलोय."

"तुझी पुढची तारीख कधी आहे?"

"तारीख कसली? मी पण सुटलोय. मास्तरांच्या मागोमाग. न्यायाधीश व्हिडिओच्या पडद्यावरून स्वतः म्हणाले, 'निर्दोष.' इथे सांगतो तर हे म्हणतात, इथला प्रत्येकजण असंच म्हणतो." त्याने ओठ पुसले. रुमालावर लाल डाग होता, आणि तो रंगाचा नव्हता. "मला काढा बाई. पुढचा हिवाळा मला या भिंतीशी निघायचा नाही."

चिमटाबाई सहसा कुणाला शब्द देत नसत. त्या दिवशी त्यांनी दिला, आणि बाहेर पडल्यावर स्वतःवरच चिडल्या.

३

तुरुंगाचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्याला सगळे कोबोलकाका म्हणत. प्रोग्रॅम त्यांनी तरुणपणी कोबोल नावाच्या भाषेत लिहिला होता. आता ती भाषाही म्हातारी झाली होती आणि काकाही, पण खात्याला दोघांचाही वारस सापडला नव्हता. बिनखिडकीच्या थंडगार खोलीत ते बाराही महिने स्वेटर घालून बसायचे.

"माझ्या प्रोग्रॅमला इंटरनेट वगैरे काही कळत नाही," काका म्हणाले. "त्याला एवढंच कळतं की प्रत्येक कैद्यापुढे एका अक्षराची जागा आहे. तिथे 'स' असला तर सोडा, 'ठ' असला तर ठेवा. कोर्टाने नवी वेब सर्व्हिस आणली, तिची बोली याला कुठून येणार? म्हणून मधे एक दुभाष्या बसवला, छोटासा प्रोग्रॅम. तो माझा प्रश्न कोर्टाकडे नेतो, उत्तर आणतो, आणि त्या जागेवर अक्षर ठेवतो."

"मास्तरांच्या जागेवर काय ठेवलं?"

"काही नाही. गेल्या हिवाळ्यापासून जागा रिकामी."

"म्हणजे कोर्टाचं उत्तरच आलं नाही?"

"नाही आलं. लिहून देतो."

तिकडे कोर्टाच्या इमारतीत वेब सर्व्हिस सांभाळणारी मुलगी होती. तिशीही न उलटलेली, डोळ्यांखाली काळं, टेबलावर एका तरुणाचा फोटो. त्या फोटोला तिने हार घातला नव्हता, पण ती तो रोज पुसत असणार.

"आमच्याकडे प्रश्न आला आणि उत्तर गेलं नाही, असं एकदाही झालेलं नाही," ती म्हणाली. "तुरुंगाला रोज सकाळी प्रत्येक कैद्याचं उत्तर गेलंय."

"मास्तरांचंही? काय उत्तर गेलं?"

"काय गेलं ते आम्ही साठवत नाही, गोपनीयतेचा नियम आहे. पण गेलं. लिहून देते."

दोघंही लिहून द्यायला तयार! खोटं बोलणारा माणूस लिहून द्यायला इतका उतावीळ नसतो, हे चिमटाबाईंना इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. राहिला तो दुभाष्या. तो या दोघांनी मिळून लिहिला होता. बाईंनी बाहेरच्या जाणकाराला बोलावून तो उलटापालटा तपासून घेतला. बसवल्या दिवसापासून त्याला कुणी हातही लावला नव्हता.

उत्तर निघालं होतं, पोचलं नव्हतं, आणि वाटेत त्याला कुणी शिवलंही नव्हतं. संस्थाचालकाला बेड्या घालायची बाईंची हौस तिथेच जिरली.

४

भेटीच्या दिवशी फाटकाबाहेर पत्र्याच्या शेडखाली बायका बसत. त्यात पेंटरची थोरली बहीण होती. शिवणकाम करायची, वाट बघताना हातात कुणाच्या तरी परकराची दुमड असायची. पेंटर तिला ताई म्हणायचा, म्हणून शिपाईही ताईच म्हणत.

"भाऊ निर्दोष सुटला, हे तू ऐकलंस?" बाई तिच्या शेजारी टेकल्या.

"मी तिथेच होते, पडद्यासमोर. न्यायाधीश म्हणाले, या माणसाची नोंद पुसून टाका, उद्या कुणी त्याच्याकडे बोट दाखवता कामा नये." ताईने दोरा दाताने तोडला. "मग मी कोर्टाच्या खिडकीवर गेले. निकाल मागितला. त्यांनी नंबर घातला आणि म्हणाले, असा खटलाच नाही. मी घरी येऊन रडले हो, आनंदाने! म्हटलं, डाग गेला. दुसऱ्या दिवशी त्याचे धुतलेले कपडे घेऊन इथे आले, तर हे म्हणतात, खटला चालू आहे."

"वरच्या कोर्टात अर्ज केला नाहीस?"

"केला की. अर्ज कॉम्प्युटरवरच करायचा. तो पहिल्यांदा खटल्याचा नंबर मागतो. नंबर घातला की पुढे जातच नाही."

चिमटाबाई उठल्या. गुडघा कळवळला, पण त्यांना कळलंही नाही. एका दरवाजावर खटला चालू आहे, दुसऱ्या दरवाजावर असा खटलाच नाही. आणि मधे पेंटरचा तो विनोद, इथून फक्त चोर सुटतात.

त्या तडक कचेरीत गेल्या. "नवी पद्धत आल्यापासून सुटलेले सगळे सांगा. का सुटले, तेही."

कारकून सांगत गेला. शिक्षा संपली, जामीन झाला, दंड भरला, शिक्षा संपली, शिक्षा संपली.

"निर्दोष म्हणून किती सुटले?"

कारकुनाने पुन्हा पाहिलं. "एकही नाही," आणि मग दात काढून म्हणाला, "इथे निर्दोष येतोय कोण, बाई?"

५

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या थंडगार खोलीत बाईंनी तिघांना बोलावलं. अधीक्षक घड्याळ बघत उभे होते, कोर्टातली मुलगी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, आणि काकांना आपल्याच खोलीत कुठे बसावं ते कळत नव्हतं.

"मास्तरांचा नंबर तुझ्या सर्व्हिसला विचार," बाई मुलीला म्हणाल्या.

तिने विचारला. पडद्यावर दोन शब्द आले: सापडत नाही.

"आता माझ्या फोनचे शेवटचे आकडे घाल. खटल्याचा नंबर म्हणून."

सापडत नाही.

"काका, कोर्टाने असं म्हटलं तर तुमचा दुभाष्या कुठलं अक्षर ठेवतो?"

काकांचा हात हळूहळू कपाळाकडे गेला. "कुठलंच नाही. तो काही निकाल नाही ना. लाइन बंद असली, कोर्टाचं मशीन आजारी असलं, सापडत नाही म्हणालं, सगळं एकच. ठेवही नाही, सोडही नाही. जागा रिकामी."

"अहो, पण ते उत्तर आहे!" मुलगी जवळजवळ ओरडली. "त्याचा अर्थ, या माणसावर कोर्टाचं काहीही नाही! याहून स्वच्छ उत्तर काय असतं?"

"तुझ्यासाठी," बाई म्हणाल्या. "म्हणून तू म्हणालीस उत्तर गेलं, आणि काका म्हणाले आलं नाही. तुम्ही दोघंही खरं बोलत होता. आणि काका, जागा रिकामी दिसली की तुमचा प्रोग्रॅम काय करतो?"

"कालचंच आज चालू ठेवतो." काका म्हणाले. "सुरुवातीला उलटं होतं. रिकामी जागा म्हणजे अडवायला कारण नाही, म्हणजे सोडा. एकदा लाइन तुटली आणि सकाळी एक माणूस बाहेर पडला. संध्याकाळच्या आत त्याने सासऱ्याचा गळा चिरला. सासऱ्याची बायको मला शोधत इथे आली होती. नुसती बघून गेली. तेव्हापासून रिकामी जागा म्हणजे माणूस आत. हाताने सोडायचा अधिकारही तेव्हाच काढून घेतला, साहेबांकडूनसुद्धा."

"आणि निर्दोष माणसाची नोंद नुसती बंद न करता मुळासकट पुसायची, हे कुणी सुचवलं?"

मुलीने लॅपटॉप मिटला. "मी. भांडून करून घेतलं. माझा भाऊ निर्दोष सुटला होता. पण जिथे नोकरी मागेल तिथे नाव घातलं की खटला दिसायचा. 'काहीतरी असेल म्हणूनच ना,' म्हणायचे. एक दिवस त्याने..." तिने वाक्य सोडून दिलं. "म्हणून मी म्हटलं, काही शिल्लकच ठेवायचं नाही. महिन्याभराने बॅकअपसुद्धा पुसला जातो. ज्याची नोंद पुसली त्या खटल्याचा उच्चार करणं हाही आता गुन्हा आहे, न्यायाधीशांनासुद्धा."

दोषी माणसाची नोंद राहते, म्हणून त्याच्याबद्दल उत्तर येतं, म्हणून तो सुटतो. निर्दोषाची नोंद पुसली जाते, आणि तो जेवढा स्वच्छ तेवढा पक्का अडकतो. काकांनी एका खुनाच्या धास्तीने नियम केला होता, मुलीने भावाच्या दुःखाने. दोन्ही बाजूंनी माणुसकीच होती, आणि तिच्यामधे चेंगरून मास्तर मेले होते. चिमटाबाईंनी आयुष्यात पुष्कळ लबाड्या उघड्या पाडल्या होत्या. त्या दिवशी एखादी लबाडी सापडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

म्हणजे अगदीच सापडली नाही असं नाही.

"साहेब, रोज सकाळी रिकाम्या जागांची नावं छापून तुमच्या टेबलावर यायची. ती बंद कुणी केली?"

अधीक्षकांनी घड्याळातून डोळे काढले. "रोज तीच तीच नावं. कुणी वाचायची? मी म्हटलं, छापू नका."

"काका, आज दाखवा."

काकांनी कळ दाबली. नावं पडद्यावर वर सरकायला लागली. सगळे थांबून राहिले, पण नावं थांबेनात.

६

"मग सोडा यांना," बाई म्हणाल्या.

"कुणाकुणाला?" अधीक्षक म्हणाले, आणि पहिल्यांदाच ते चुकीचं बोलत नव्हते. या नावांत काही निर्दोष होते. काहींचा नंबर कुणीतरी चुकीचा टाइप केला होता. काहींचे खटले दुसऱ्या कोर्टात गेले होते, आणि त्यांत दोन-तीन खुनी होते. सगळ्यांचं उत्तर एकच, सापडत नाही. निर्दोष कोण हे सांगणारी एकमेव गोष्ट पुसून टाकलेली, आणि तीही त्यांच्याच भल्यासाठी.

"पेंटरच्या निकालाला त्याची बहीण साक्ष आहे."

"बहिणींच्या सांगण्यावर दरवाजा उघडला, तर उद्या फाटकाबाहेर बहिणीच बहिणी. मला कोर्टाचा हुकूम आणून द्या."

कोर्ट म्हणालं, नसलेल्या खटल्यात हुकूम कसा देणार? खात्याने बाईंना कळवलं, चौकशी छान झाली, आता जबाबदार म्हणून एक नाव द्या आणि प्रकरण मिटवा. काका म्हणाले, "माझं द्या. मी किती दिवसांचा सोबती!" बाईंनी अहवालात चौघांची नावं घातली, चौथं खात्याचं. तो अहवाल कपाटात जाणार हे त्यांना ठाऊक होतं. प्रोग्रॅम बदलायचं म्हटलं तर समिती बसणार होती, आणि समिती बसली की उठत नाही. पेंटरचा खोकला तेवढा थांबणार नव्हता.

वाट दाखवली ती काकांनीच, आणि सांगताना त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही.

"जुन्या काळी मशीनमधे जागा फार कमी. म्हणून मी एका कैद्याला एकाच खटल्याची जागा ठेवली. नवा खटला झाला की जुन्याच्या डोक्यावर बसतो, जुना पुसला जातो. पेंटरवर नवा खटला झाला, लहानसा, आणि तो दोषी ठरला, तर त्याची नोंद राहील. उत्तर येईल. आत काढलेले दिवस शिक्षेत धरले की त्याच सकाळी 'स'."

"दोषीच ठरायला हवा?"

"निर्दोष ठरला तर पुन्हा सापडणार नाही."

भेटीच्या खोलीत बाईंनी दोघा भावंडांना हे सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि उभी राहिली.

"नाही. याने कबूल व्हायचं असतं तर तेव्हाच झाला असता. याचं नाव स्वच्छ राहावं म्हणून मी लोकांच्या तोंडाला लागले, घर बदललं. आणि आता स्वतःच्या हाताने काळं फासून घ्यायचं? बाई, तुम्ही याला काढायचा शब्द दिला होता."

"एवढाच रस्ता सापडला," चिमटाबाई म्हणाल्या. इतकं लाजिरवाणं वाक्य त्यांच्या तोंडून आजवर निघालं नव्हतं.

"ताई," पेंटर म्हणाला, "मास्तर निर्दोषच मेले. त्यांना काय मिळालं?" तो खोकला, दम घेतला आणि बाईंकडे वळला. "काय फोडू?"

"खिडकीची काच. कुणाला लागणार नाही अशी."

त्याने खिडकीकडे पाहिलं, पाटी रंगवण्याआधी भिंत बघावी तसं. मग पायातली चप्पल काढून हातात घेतली.

ताईने तोंड फिरवलं. काच फुटल्याचा आवाज तिने पाठीवर घेतला.

७

किरकोळ खटले पडद्यावर झटपट निकालात निघायचे. पेंटरने गुन्हा कबूल केला, आतले दिवस शिक्षेत धरले गेले, आणि सकाळी काकांच्या पडद्यावर त्याच्या नावापुढे 'स' उमटला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती जागा भरली होती. काकांनी चष्मा काढून ठेवला.

सुटणाऱ्याचा गुन्हा फाटकावर मोठ्याने वाचून दाखवायचा आणि नातेवाइकाने ओळख द्यायची, अशी तिथली रीत होती. शिपायाने शेडकडे तोंड करून पुकारलं, "सरकारी मालमत्तेची नासधूस. गुन्हा सिद्ध. कुणाचा माणूस?"

शेडखालच्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. ताईने हात वर केला. "माझा."

पेंटर बाहेर आला. ताईने त्याला धुतलेला सदरा दिला, आणि दोघं रस्त्याला लागली. वळणावर त्याला खोकल्याची उबळ आली, ताईने पाठीवर हात ठेवला, आणि ती दोघं दिसेनाशी झाली.

तेवढ्यात आत कुठेतरी काच फुटली. मग आणखी एक. मग तिसऱ्या बराकीच्या बाजूने एकदम पाचसहा. बातमी भिंतीभिंतीतून सगळीकडे गेली होती. शेडखालच्या बायका उठून उभ्या राहिल्या. कुणीतरी "आमचापण! आमचापण!" असं म्हणत रडत-हसत होती.

अधीक्षक घाईने बाहेर आले. त्यांच्या हातात सही करून झालेला कागद होता.

"हे तुम्ही शिकवलंत यांना, बाई. आता ऐका. आजपासून फोडाफोडीचं काही कोर्टात पाठवायचं नाही. शिक्षा इथल्या इथे. खटला नाही, नोंद नाही."

चिमटाबाईंनी कागद वाचला. त्यात एकही चूक नव्हती. त्यांनी फाटकाकडे पाहिलं. आत काचा फुटतच होत्या. कागदाचं आतल्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.